७८ पानांतलं एक नावडतं पान

आज हिशेबाचं, व्याजाचं किंवा बँकेच्या फेऱ्यांचं काही बोलणार नाही. आज पत्त्यांबद्दल बोलायचं आहे. पत्ते म्हटल्यावर काही जणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पारावर पत्ते कुटत बसणाऱ्यांनी किती जणींच्या गळ्यातलं मोडायला लावलं ते आपल्याला ठाऊक आहे. पण हे पत्ते पैसे लावून खेळायचे नाहीत. ह्यांना टॅरो म्हणतात.

आमच्या गटातल्या एका काकूंची लेक शहरात कॉलेजला आहे. सुट्टीत आली तेव्हा तिच्या बॅगेत हा कॅट होता. तिकडे मुली त्यावरून भविष्य बघतात म्हणे. आधीच सांगून ठेवतो, आम्ही भविष्य बघत नाही आणि तुम्हीही बघू नका. पूर्वी बाजाराच्या दिवशी पोपटवाला जोशी बसायचा, पोपट चोचीनं एक पाकीट ओढायचा आणि आपले पैसे जायचे. टॅरोचं पान काढून कुणी तुमचं नशीब सांगतो म्हणाला आणि हात पुढे केला, तर तो त्या पोपटवाल्याचाच भाऊ समजा. मुळात हे पत्ते भविष्यासाठी नव्हतेच. इटलीच्या उत्तर भागात पंधराव्या शतकात ते खेळायला म्हणून निघाले. त्यावर भविष्य सांगायची टूम फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी निघाली. आपल्याकडे सावंतवाडीला गंजिफा रंगवतात, गोल गोल पानं, दशावताराच्या कॅटात १२०. तीही खेळायचीच.

आम्हाला आवडली ती त्यातली चित्रं. आपल्या नेहमीच्या कॅटात ५२ पानं असतात, ह्यात ७८. बदाम, इस्पिक, चौकट, किलवरऐवजी इथे काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी. एकेका रंगाची १४ पानं, म्हणजे ५६, आणि वर २२ मोठी पानं वेगळी. आपल्या पत्त्यात पंजा म्हणजे नुसते पाच ठिपके. ह्या कॅटात पंजा असो की दश्शी, बहुतेक पानांवर माणसं आहेत आणि ती काहीतरी करतायत. म्हणून बैठकीत बचत जमा झाली, कर्जाचं बोलणं आटोपलं, की आम्ही पानं पालथी पसरतो. जिच्या हाताला जे पान येईल त्यावर तिनं बोलायचं. दोन वाक्यं बोलली तरी चालतात. मैत्रिणींनो, ज्या बायका तीन वर्षांत ‘हजर’ सोडून काही बोलल्या नव्हत्या, त्या चित्र हातात आल्यावर बोलायला लागल्या. स्वतःबद्दल बोल म्हटलं की जीभ जड होते. चित्रातल्या माणसाबद्दल बोलायला काही अडचण नसते.

दहा काठ्यांचं पान बघा. एक माणूस दहा काठ्यांचा भारा कवेत धरून वाकलाय, तोंड भाऱ्यात बुडालंय, लांब घरं दिसतायत. आमच्यातल्या निम्म्या घरांतून दिवाळीनंतर कोयता बाहेर पडतो, ऊसतोडीला. त्यामुळे ते पान निघालं की हसू फुटतं. एक वहिनी म्हणाल्या, ‘ह्याला मोळी उचलायची अक्कल नाही. चुंबळ करून डोक्यावर घे म्हणावं.’ सहा नाण्यांच्या पानावर एक शेठ एका हातात तागडी धरून दुसऱ्या हातानं गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या हातात नाणी टाकतोय. पुस्तकात त्याला दानशूर म्हटलंय. आमच्या बायकांनी एका नजरेत ओळखला: मुकादम. ‘दान देणारा तागडी कशाला धरील? उचल देतोय तो.’ नऊ नाण्यांच्या पानावर एक बाई द्राक्षाच्या मळ्यात एकटी निवांत उभी आहे, हातावर पक्षी. तिच्याबद्दल ठरलं की सातबारा हिच्याच नावावर असणार, नाहीतर एवढी निवांत उभी राहिली नसती. तीन पेल्यांच्या पानावर तीन बाया फेर धरून नाचतायत, ते तर पंचमीचं पान. आणि बळाच्या पानावर एक बाई सिंहाचं तोंड हातानं मिटवतेय, जसं आपण दारातल्या कुत्र्याला गप करतो तसं.

मरणाचं पानही आहे. पांढऱ्या घोड्यावर सांगाडा. शहरातल्या पोरी त्याला घाबरतात म्हणे. आमच्या आक्का, वय सत्तरच्या पुढे, म्हणाल्या, ‘ह्याला मी चारदा दारात बघितलाय, ह्याचं काय नवल.’ नऊ तलवारींच्या पानावर एक माणूस रात्री अंथरुणात उठून तोंड झाकून बसलाय. त्यावर बोलताना दोघी रडल्या, पण पान बाजूला केलं नाही. दहा तलवारींच्या पानावर माणूस पालथा पडलाय आणि पाठीत दहा तलवारी. त्यावर एकीनं विचारलं, ‘एका तलवारीनं मेला असता की, दहा कशाला वाया घालवल्या?’

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की दुःखाची किंवा भीतीची चित्रं आम्हाला नकोत असं नाही. ७८ पैकी ७७ पानं आम्ही जीव लावून हाताळतो. एक पान आम्हाला आवडत नाही, आणि ते का आवडत नाही ह्यावर आमच्या चार बैठका गेल्या.

ते पान आठ तलवारींचं. रेडिओवर दाखवता येत नाही, म्हणून सांगतो. ओल्या, चिखलाच्या जमिनीवर एक बाई उभी आहे. लांब झगा. अंगाभोवती पट्ट्या गुंडाळून तिचे हात मागे बांधलेत. डोळ्यांवर पट्टी. तिच्या मागे आणि बाजूला आठ तलवारी जमिनीत रोवून उभ्या. लांब उंचावर एक किल्ला. समोरची बाजू मोकळी आहे, पाय बांधलेले नाहीत. चित्रात दुसरं कुणी नाही.

पहिल्यांदा ते निघालं तेव्हा काकूंनी ‘हे नको’ म्हणून पुन्हा पालथं घातलं आणि दुसरं उचललं. पुढच्या बैठकीत दुसरीच्या हाताला लागलं, तिनंही तेच केलं. मग आम्ही म्हटलं, थांबा, बघू तरी काय आहे हे.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच. हिला बांधलं कुणी? हात मागे बांधून कुणी स्वतःच्या हातानं गाठ मारू शकत नाही. तलवारी कुणीतरी एक एक करून आणून रोवल्यात. आठ तलवारी रोवायला वेळ लागतो, ताकद लागते. तो माणूस कुठे गेला? बाकीच्या पानांवर बघा, मुकादम दिसतो, राजा दिसतो, घोड्यावरचे शिलेदार दिसतात. इथे करणारा दिसत नाही, जिच्यावर केलं तीच तेवढी दिसते. गावात बाईबद्दल बोलतात ते असंच. ‘तिला माहेरी आणून सोडली’ म्हणतात. कुणी सोडली ते वाक्यात येतच नाही.

मग काकूंच्या लेकीनं सोबतचं छोटं पुस्तक उघडून अर्थ वाचून दाखवला. अर्थ असा, की ह्या बाईला अडकल्यासारखं वाटतंय, पण खरं बंधन तिच्या मनात आहे, पाय मोकळे आहेत, वाट मोकळी आहे, सुटका तिच्याच हातात आहे.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आक्का म्हणाल्या, ‘अगं, हातच तर बांधलेत.’

तिथून जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. आमच्यातल्या दोघी-तिघी पुस्तकाच्या बाजूनं बोलल्या, आणि त्यांचं बोलणं टाकून देण्यासारखं नव्हतं. एक वहिनी म्हणाल्या, ‘नवऱ्याच्या सहीशिवाय बँकेत खातं निघत नाही असं मी सात वर्षं धरून बसले होते. मला कुणी अडवलं नव्हतं. एके दिवशी गेले, आधार दिलं, खातं निघालं. ती सात वर्षं माझ्या डोळ्यांवर पट्टीच होती की.’ हे खरं आहे. असली पट्टी असते, आणि ती काढायला कधी कधी एक दुपार पुरते. जमिनीवर लेकीचा हक्क नसतो असं अजून कित्येक घरांत सांगतात. महाराष्ट्रात १९९४ सालीच कायद्यात बदल झाला, आणि २००५ सालापासून सगळ्या देशात हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच वाटा आहे. हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्याही डोळ्यांवर पट्टीच होती.

पण पट्टी निघाली म्हणजे हात सुटले असं होत नाही. हे बोलली ती आमच्यातली एक बाई, जी फार कमी बोलते. तिला विचारून, ओळख लागणार नाही अशा बेतानं सांगतो. तिचा नवरा मारतो, हे गल्लीला माहीत होतं. त्या दिवशी तिनं ते पान हातात घेतलं आणि म्हणाली, ‘मला सगळे हेच म्हणतात. दार उघडंय, जा की. दार उघडंय ते मलाही दिसतं. दारातून बाहेर पडल्यावर पोरं रात्री कुठं झोपणार, ते कुणी सांगत नाही. उचल माझ्याही नावावर घेतलीय, ती कोण फेडणार, ते कुणी सांगत नाही. मी गेले नाही म्हणून मीच भित्री.’ मग पान खाली ठेवून म्हणाली, ‘ही बाई एकटीच का काढलीय? बाकीच्या बाया कुठं गेल्या?’

तेव्हा आमच्या लक्षात आलं की आम्हाला हे पान का सोसत नाही. बाई बांधलेली आहे म्हणून नाही, बांधलेल्या बाया आपण पुष्कळ बघतो. तिला बांधून ठेवून वर तिलाच सांगतात की तुझं तूच बघ, म्हणून.

एकीनं रागानं म्हटलं, ‘पुरुषाशिवाय असलं चित्र कोण काढणार?’ काकूंच्या लेकीला ते माहीत होतं, आणि तिनं सांगितलेलं ऐकून आम्ही चाट पडलो. ही सगळी चित्रं एका बाईनं काढलीत. तिचं नाव पामेला कोलमन स्मिथ. १८७८ साली लंडनमध्ये जन्म, आईवडील अमेरिकेचे, लहानपणातली काही वर्षं जमैका बेटावर गेली. आई ती अठरा वर्षांची असताना गेली, वडील एकविसाव्या वर्षी. पुढे चित्रं काढून आणि गोष्टी सांगून ती पोट भरायची, नाटक कंपनीबरोबरही काम केलं. १९०९ साली आर्थर एडवर्ड वेट नावाच्या माणसानं तिच्याकडून ह्या कॅटाची चित्रं करून घेतली. काही महिन्यांत तिनं ७८ पानांचं काम उरकलं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तिनं एका ओळखीच्या छायाचित्रकाराला पत्र लिहिलं, त्यात कळवलं की एक मोठं काम नुकतंच संपवलं, आणि पैसे मात्र फार थोडे मिळाले. डिसेंबरात कॅट बाजारात आला. नाव पडलं रायडर-वेट. रायडर म्हणजे छापणारा आणि वेट म्हणजे काम सांगणारा. जिनं चित्रं काढली तिचं नावच नाही.

इथे आमच्या शिवणकाम करणाऱ्या बायका एकदम ताठ बसल्या. नगावर ब्लाउज शिवणाऱ्या बाईला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही. आम्ही शंभर पिशव्या शिवतो, वर लेबल दुसऱ्याचं लागतं. हा कॅट जगभर किती खपला असेल, आणि ती १९५१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात वारली तेव्हा अंगावर कर्ज होतं. तिच्या वस्तू विकून देणी भागवायची पाळी आली. अलीकडे काही जण कॅटाच्या नावात तिचंही नाव जोडून रायडर-वेट-स्मिथ म्हणतात. आता म्हणून काय उपयोग, असं काकू म्हणाल्या. आम्हाला वाटतं, उशिरा का होईना, म्हणावंच.

एक गोष्ट तिनं मात्र केली होती. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तिनं आपली सही वेलीसारखी वळवून घातलीय. आम्ही सगळी पानं पसरून ती शोधली. आठ तलवारींच्या पानावरही सापडली.

त्यामुळे त्या पानाबद्दल आमच्यात दोन तट पडले. काही जणी म्हणतात, बाईनं काढलंय म्हणजे तिला हे माहीत असणार. ज्या वर्षी तिनं ही चित्रं काढली त्या १९०९ सालात इंग्लंडच्या बायकांना मतदानाचा हक्क नव्हता. त्यासाठी बायका रस्त्यावर उतरत होत्या, तुरुंगात जात होत्या. त्याच वर्षी तुरुंगात उपोषण करणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात नळी घालून त्यांना बळजबरीनं अन्न भरायला सुरुवात झाली. स्मिथनं ह्या चळवळीसाठीही चित्रं केली होती. तिकडे काही बायकांना मत मिळालं १९१८ साली आणि पुरुषांच्या बरोबरीनं १९२८ साली. ह्या तटाचं म्हणणं, चित्र खोटं नाही, खाली लावलेला अर्थ खोटा आहे. वेटनं आपल्या पुस्तकात हा अर्थ इतका कडक दिलेलाही नाही. हे कायमचं बंधन नव्हे, काही काळापुरतं आहे, अशा आशयाचं त्यानं लिहिलंय. ‘बंधन तुझ्या मनात’ हे नंतरच्या लोकांनी चढवलेलं. तरी त्या ‘काही काळा’वरही आमच्यातल्या एकीनं विचारलंच, ‘म्हणजे पोरं मोठी होईपर्यंत का?’

दुसरा तट म्हणतो, कुणी का काढलं असेना, नको. आक्का ह्या तटात. पेनानं तिच्यामागे आणखी चार बाया काढा असं त्यांनी सुचवलं होतं, पण कॅट दुसऱ्याच्या लेकीचा, तो खराब करता येत नाही. पान काढून टाकावं म्हटलं तर एक पान गेलेला कॅट म्हणजे कॅट नव्हे, हे पत्ते खेळणारं पोरही सांगेल. शेवटी ठरलं ते असं. पान कॅटात राहील. ज्या बाईच्या हाताला येईल तिनं एकटीनं त्यावर बोलायचं नाही. ते निघालं की पान मधे ठेवायचं आणि बाकीच्यांनी बोलायचं: ही आपल्या गल्लीतली बाई असती तर आपण काय केलं असतं. ‘तिनं काय करायला हवं’ असं वाक्य कुणी सुरू केलं की तिला थांबवायचं. हे सोपं नाही, आपल्या तोंडात तेच वाक्य बसलंय. एका बैठकीत सात वेळा थांबवावं लागलं.

त्या कमी बोलणाऱ्या बाईच्या वेळी ह्यातूनच काही गोष्टी निघाल्या. एकीनं सांगितलं, रात्री-अपरात्री पोरांना घेऊन माझ्याकडे ये, आमचे हे काही म्हणणार नाहीत, आणि म्हणाले तर मी बघेन. एकीनं तिची आणि पोरांची आधार कार्डं, शाळेचे दाखले, रेशन कार्डाची झेरॉक्स आपल्या पेटीत ठेवली. दोघी तिच्याबरोबर तालुक्याला गेल्या. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात संरक्षण अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याकडे तक्रार नोंदवता येते. नवऱ्याच्या घरात राहायचा हक्क ह्या कायद्यानं बाईला दिलाय, घर तिच्या नावावर नसलं तरी. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे सगळं तिला एकटीला कुणी सांगितलं असतं तर तिनं ऐकून घेतलं असतं आणि घरी गेली असती. बरोबर दोघी होत्या म्हणून ती त्या टेबलापर्यंत पोचली. तिथेही आधी दोन तास बसवून ठेवलं, ते वेगळं.

तिचं पुढे काय झालं ते इथे सांगत नाही. प्रकरण चालू आहे. ह्या वर्षी ती तोडीला गेली नाही, एवढं तिनं सांगायला परवानगी दिलीय.

पान आम्हाला अजूनही आवडत नाही. परवा ते पुन्हा निघालं आणि आक्कांनी पदरानं झाकलं. कॅट आता काकूंच्या घरी डब्यात आहे, गटाच्या वहीशेजारी. लेक दिवाळीत परत मागणार आहे. तोपर्यंत शेजारच्या गावच्या गटाला बघायचा असेल तर बुधवारी दुपारी तीनला आमच्या बैठकीला या, अंगणवाडीच्या मागच्या खोलीत बसतो. येताना आधार कार्ड आणि घरातल्या सातबाऱ्याचा उतारा घेऊन या, कुणाकुणाचं नाव लागलंय ते एकत्र बसून वाचू. आणि ज्या बाईला बुधवारपर्यंत थांबता येणार नाही तिच्यासाठी महिला हेल्पलाइनचा नंबर १८१, जिवाला धोका असेल तर ११२. दोन्ही नंबर दिवसरात्र चालू असतात आणि फोन शेजारणीनं केला तरी चालतो.